गावची विहीर : खणणे, बांधणे आणि राखणे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने यंदाच्या व्याख्यानासाठी विहिरीचा विषय सुचविला, तेव्हा काही तरुण मित्रांना तो फारच साधा वाटला. संमेलनात शिक्षण, उद्योग, विवाह यांविषयी बोलावे. विहिरीविषयी काय बोलायचे, असे त्यांचे म्हणणे. परंतु अलीकडच्या काळात आपल्यापैकी किती कुटुंबांनी गावचे घर पुन्हा उभे केले आहे, याचा आपण विचार करावा. उभी हयात मुंबईत नोकरी करून माणूस निवृत्त होतो, रत्नागिरीकडच्या वडिलोपार्जित जमिनीत चार खोल्या बांधतो, आंब्याची दहापाच कलमे लावतो. आणि शिमगा सरून चैत्र उजाडला की पहिला प्रश्न उभा राहतो तो पाण्याचा. मग घाईघाईने कोणालातरी बोलावून जमिनीला भोक पाडले जाते. तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण आपण दुसऱ्यांस नेहमी ऐकवितो. ती स्वतःस लागू करण्याची वेळ आता आली आहे.

प्रथम एका कोड्याचा उलगडा करू. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हिशेब केला तर एका गुंठ्यावर सुमारे तीन लाख लिटर पाणी आकाशातून उतरते. असे असता त्याच जिल्ह्यातील वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट का पाहावी लागते? याचे उत्तर आपल्या पायाखालच्या दगडात आहे. आपल्या सड्यांवर जो तांबडा, सच्छिद्र दगड दिसतो, तो जांभा. फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मलबारातील अशाच दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लॅटर’ म्हणजे वीट. खाणीतून चिरा काढावा आणि विटेप्रमाणे भिंतीत बसवावा, असा हा दगड. पाऊस त्याच्या छिद्रांतून भराभर खाली जातो. जांभ्याखाली बहुधा पांढरट-तांबूस चिकण मातीचा थर असतो. त्याला आपल्याकडे कित्येक ठिकाणी शेडी म्हणतात. हा थर पाणी सहसा खाली जाऊ देत नाही. तेव्हा मुरलेले पाणी त्या थराच्या पाठीवरून उताराकडे सरकते आणि डोंगराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडून पऱ्यात व खाडीत निघून जाते. दिवाळीपर्यंत भरून वाहणारा झरा होळीला आटतो, याचे कारण हेच. पाऊस कमी पडत नाही. पडलेले पाणी थांबत नाही.

यावरून विहिरीची जागा कोठे असावी हे उघड होते. सड्याच्या माथ्यावरची विहीर श्रावणात तुडुंब दिसेल, पण वैशाखात तिचा तळ कोरडा पडेल. पायथ्याशी, घळीच्या तोंडाजवळ, पऱ्याच्या काठी, जेथे उशिरापर्यंत हिरवळ टिकते, अशा ठिकाणी विहीर उन्हाळ्यात तग धरते. शेजारच्या जुन्या विहिरींची पाहणी करावी : त्यांची खोली किती, मे महिन्यात त्यांत किती हात पाणी राहते, कोणत्या खोलीवर झरा लागला. गावच्या वृद्धांस ही माहिती तोंडपाठ असते. वराहमिहिराने सहाव्या शतकात आपल्या बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचा एक संपूर्ण अध्याय या विद्येला वाहिला आहे. त्यात झाडे आणि वारुळे यांवरून पाणी ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. ओलाव्याच्या जागी वाढणाऱ्या उंबरासारख्या झाडावरून अंदाज बांधणे निरीक्षणाला धरून आहे. परंतु हातातली फांदी वा नारळ फिरला म्हणून पाणी लागते, याला शास्त्राचा आधार नाही. पायथ्याच्या जमिनीत बहुतेक कोठेही थोडेफार पाणी लागत असल्यामुळे पाणाड्याचे भाकीत खरे ठरते, एवढेच. त्यापेक्षा भूजल सर्वेक्षण खात्यातील जाणकाराचा सल्ला घ्यावा.

समुद्रकाठच्या बांधवांस एक वेगळी सूचना करणे अवश्य आहे. किनाऱ्यावर जमिनीतील गोडे पाणी हे खालच्या खाऱ्या पाण्यावर जणू तरंगत असते, कारण ते किंचित हलके असते. त्याचे गणित असे की, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक फूट वर असेल, तर तिच्याखाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी राहू शकते. उलटपक्षी अति उपसा करून ती पातळी एक फुटाने खाली आणली, तर खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकू शकते. आपल्या आगरांतील जुन्या विहिरी उथळ होत्या आणि राहाटाची माळ त्यांतून संथपणे पाणी काढी. पूर्वजांनी सूत्र मांडले नव्हते, पण रीत अचूक पाळली होती. तेथे विजेचा मोठा पंप बसवून चोवीस तास उपसा केला, किंवा ‘खोल गेले की पाणी जास्त’ या समजुतीने खाली भोक पाडले, तर माड-पोफळींना खारे पाणी पाजण्याचा प्रसंग येतो. आणि एकदा खारावलेली विहीर गोडी होण्यास वर्षानुवर्षे जावी लागतात.

येथे कोणी विचारील की, या युगात विहीर हवी कशाला? बोअरवेल एका दिवसात होते. याचे उत्तर अंकगणिताने देतो. दहा फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे २,२०० लिटर. सहा इंची बोअरमध्ये एक फूट पाणी म्हणजे सुमारे साडेपाच लिटर. जल जीवन मिशनने २०१९ साली माणशी रोज ५५ लिटरांचे मान धरले. त्या हिशेबाने सहा माणसांच्या कुटुंबाला रोज ३३० लिटर लागतात. म्हणजे विहिरीतले एक फूट पाणी त्यांना जवळजवळ आठवडाभर पुरते. मंद झरा रात्रभर पाझरत राहतो आणि विहीर ते थेंब साठवून ठेवते. बोअरला साठवणीची ही सोय नाही. शिवाय आपल्याकडे बोअर घेताना जांभा आणि शेडी ढासळू नये म्हणून केसिंगचा पाइप घालतात. त्यामुळे वरच्या थरांतले पाणी बंद होते आणि सारी भिस्त खालच्या काळ्या कातळातील फटींवर राहते. फट लागली तर पाणी. न लागली तर शेजारच्या विहिरीत पाणी असतानाही आपले बोअर कोरडे. बोअर सर्वत्र वाईट असे मी म्हणत नाही. पण जेथे उथळ पाणी आहे, तेथे विहिरीला पहिला मान द्यावा.

आता खणण्याचा प्रश्न. हाताने की यंत्राने? दोन्ही पद्धतींचे गुणदोष पाहू. आतून दहा फूट व्यासाची विहीर आणि भोवती एक फूट जाडीचे बांधकाम म्हटले, तर बारा फूट व्यासाचा खड्डा काढावा लागतो. तीस फूट खोलीपर्यंत हे काम सुमारे ३,४०० घनफुटांचे होते. कुदळ, पहार, टिकाव आणि घमेले यांनी एवढी माती आणि दगड वर काढणाऱ्या माणसांच्या श्रमांची कल्पना यावरून यावी. हातकामाचा मोठा गुण असा की, खणणाऱ्याला प्रत्येक थर दिसतो. ओल कोठे आली, झरा कोणत्या बाजूने फुटला, शेडी कोठे सुरू झाली हे कळत जाते आणि विहिरीचा घेर सरळ राहतो. शिवाय आपल्या अरुंद पाखाड्यांवरून यंत्र जातेच असे नाही.

यंत्राचा गुण म्हणजे वेग. आणि त्याहून मोठा गुण म्हणजे खड्ड्याच्या तळाशी माणूस नसतो. परंतु जेसीबीचा हात साधारणपणे पंधरा फुटांच्या आसपास थांबतो. त्याखाली जायचे तर उतार कापून यंत्र खाली न्यावे लागते, आणि विहिरीच्या जागी तळे होऊन बसते. पोकलेन अधिक खोल जाते, पण त्याला वाट आणि जागा दोन्ही अधिक लागतात. मग आत बांधकाम करून मागची पोकळी मातीने भरतात. ती भर नीट धुमसली नाही, तर पावसाळ्यात अंगणातले घाण पाणी त्याच वाटेने विहिरीत उतरते. म्हणून माझे मत असे की, जेथे वाट आहे तेथे वरचा दहापंधरा फुटांचा मऊ भाग यंत्राने काढावा. पुढचे काम कसबी माणसांकडून, यारी लावून, सावकाश करावे. कठीण कातळ लागला तर ब्रेकरने फोडावा. सुरुंगाची गरज पडलीच, तर परवानाधारकाखेरीज कोणाच्याही हाती ते काम देऊ नये. पुळणीत मात्र सिमेंटच्या कड्या एकावर एक ठेवून, आतली वाळू काढीत त्या खाली उतरविणे हाच सुरक्षित मार्ग होय.

काम शिमगा झाल्यावर काढावे आणि मृगापूर्वी बांधकामासह पुरे करावे. पाण्याची पातळी मे महिन्यात सर्वांत खाली असते. त्या वेळी जी विहीर पाणी देते, ती खरी विहीर. पावसाळ्यानंतर खणून दहा फुटांवर पाणी लागले म्हणून आनंद मानणारा पुढच्या वैशाखात फसतो. तळ गाठल्यावर विहीर पूर्ण उपसावी आणि दर तासाला पाणी किती इंच चढते ते मोजावे. दहा फूट व्यासाच्या विहिरीत एक इंच म्हणजे सुमारे १८५ लिटर. तासाला चार इंच चढले, तर साडेसातशे लिटरांच्या जवळ पाणी आले. घरापुरते एवढे विपुल झाले; त्यापुढे खोल जाण्याचा हव्यास धरू नये.

बांधकामात चिरा हा आपला घरचा दगड आहे. खालचा भाग चुना-सिमेंटाशिवाय कोरडा रचावा, म्हणजे झऱ्यांना वाट राहते. वरचा निदान दहा ते वीस फुटांचा भाग मात्र सिमेंटमध्ये घट्ट बांधावा, म्हणजे पृष्ठभागावरचे पाणी आत झिरपत नाही. शेडीचा थर ओला झाला की ढासळतो. तेव्हा तो उघडा ठेवून एकही पावसाळा काढू नये. भोवती कठडा, बाहेर उतार असलेला फरसबंद ओटा आणि वर जाळी असावी. शौचखड्डा विहिरीपासून किमान पन्नास फूट दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. जांभ्याच्या पोकळ्यांतून पाणी वेगाने जाते, म्हणून आपल्याकडे हे अंतर जितके अधिक तितके बरे. पिण्याच्या पाण्यात दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर हे नेहमीचे प्रमाण आहे.

आता मी ज्या मुद्द्याकडे येत आहे, तो सर्वांनी, विशेषतः घरमालकांनी, मन लावून ऐकावा. विहीर खणताना किंवा जुनी विहीर साफ करताना माणसे मरतात, आणि बहुतेक वेळा एकाच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा मरतो. जुन्या, झाकलेल्या विहिरीच्या तळाशी प्राणवायू कमी असतो आणि जड दूषित वायू साचतो. पूर्वी कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर उतरायचे नाही. हा नियम योग्य आहे, पण पुरेसा नाही. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो असला तरी कंदील जळतच राहतो. म्हणून डिझेलचा वा पेट्रोलचा पंप विहिरीत कधीही उतरवू नये. वायू मोजण्याचे यंत्र मिळवावे आणि पंख्याने हवा खेळवावी. उतरणाऱ्याच्या कमरेला व खांद्यांना दोर बांधलेला असावा, आणि तो ओढून घेण्यास वर दोन माणसे हजर असावीत. खाली गेलेला बेशुद्ध पडला, तर त्याच्यामागे उडी टाकू नये. दोराने ओढावे, मदत बोलवावी. काढलेली माती व दगड काठापासून पाचसहा फूट दूर टाकावे, डोक्यावर शिरस्त्राण असावे, भेग दिसताच काम थांबवावे. आपण ठेका दिला म्हणजे आपली जबाबदारी संपली असे नाही. आपल्या कुटुंबाला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून कोणा श्रमिकाच्या घरचा दिवा विझला, तर त्या पाण्याची गोडी ती काय?

तसेच सोडून दिलेले बोअर उघडे टाकणे हा अक्षम्य निष्काळजीपणा होय. त्यांत लहान मुले पडू लागल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सविस्तर निर्देश दिले : काम काढण्यापूर्वी अधिकाऱ्यांस लेखी सूचना, जागेभोवती कुंपण, तोंडावर पक्के झाकण, आणि निकामी बोअर भरून टाकणे. आपल्या आवारात तसे एखादे भोक असेल, तर गावी गेल्याबरोबर प्रथम ते बुजवावे.

कायद्याविषयी थोडक्यात. १८८२ च्या ईझमेंट ॲक्टप्रमाणे आपल्या जमिनीखाली मुरलेले पाणी घेण्याचा हक्क जमीनमालकाचा मानला गेला. परंतु पाण्याला बांध दिसत नाही. एकाच्या उपशाने दुसऱ्याची विहीर आटते. म्हणून महाराष्ट्रात १९९३ च्या अधिनियमाने, एकाच पाणलोटात असलेल्या सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून विहीर खणण्यास मनाई केली. पुढे २००९ च्या भूजल अधिनियमाने त्याची जागा घेतली. तेव्हा कुदळ मारण्यापूर्वी ग्रामपंचायतीत व तहसील कचेरीत चौकशी करावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भाऊबंदांत बोलून घ्यावे. आपल्या वाड्यांत सामाईक विहिरी आहेत; चार घरांच्या चार पाळ्या होत्या. वाटण्या झाल्या, घरे वेगळी झाली, आणि विहीर कोणाच्या वाट्याला गेली हे कागदावर कोणी लिहिलेच नाही. परिणाम असा की, गाळ काढायचा कोणी यावर दहा वर्षे वाद, आणि मधल्या काळात चौघांची चार बोअर. एका विहिरीचा गाळ काढण्यास जो खर्च येता, त्याच्या कितीतरी पट खर्च झाला आणि पाणी पूर्वीएवढेच राहिले. म्हणून वाटणीपत्रात विहिरीतला हिस्सा, पाळी, पंपाची जागा आणि विहिरीकडे जाण्याची वाट ही स्पष्ट लिहावी. नवी विहीर खणण्याआधी जुनीचा गाळ काढून पाहावा. पुष्कळदा तळाशी वर्षानुवर्षे दबलेला झरा पुन्हा फुटतो.

आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. ज्ञातीच्या व्यासपीठावरून ती बोलणे कित्येकांस अवघड वाटेल. पण मला तर तेथूनच ती बोलणे योग्य वाटते. आपल्या गावांत विहिरी वाडीवार होत्या, म्हणजेच जातवार होत्या. एकाच्या विहिरीवर दुसऱ्याची कळशी टेकत नसे. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य गणलेल्यांसाठी खुला केला. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव संमत करून घेतला. आणि २० मार्च १९२७ रोजी, आपल्याच कोकणात, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंसह पाण्याला हात लावला. त्या तळ्याच्या खटल्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली त्यांच्या बाजूने दिला. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने सार्वजनिक विहिरींचा हा हक्क प्रत्येक नागरिकास दिला आहे. तरीही कोठे आपल्या वाडीतील विहिरीवर जुनी रीत डोळे मिचकावून पाळली जात असेल, तर ती मोडण्याचे पहिले काम आपलेच आहे. जांभ्यातून पाझरणारा झरा वरच्या वाडीतून येतो की खालच्या, हे कोणी विचारीत नाही. मग पोहऱ्याला जात का असावी?

शेवटी, विहिरीला द्यावयाचे ऋण. हजार चौरस फुटांच्या छपरावरून आपल्याकडे एका पावसाळ्यात सुमारे पावणेतीन लाख लिटर पाणी पन्हळीतून वाहून जाते. पहिल्या सरींनी छप्पर धुऊन निघाल्यावर ते पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून विहिरीशेजारच्या शोषखड्ड्यात सोडावे. दिवाळीच्या सुमारास वाडीने एकत्र येऊन पऱ्यावर मातीच्या पोत्यांचा वनराई बंधारा घालावा. त्याला पैशापेक्षा हातांची गरज अधिक. आपल्या शास्त्रकारांनी विहीर, तलाव, बाग यांना ‘पूर्त’ म्हटले आणि यज्ञाच्या ‘इष्टा’बरोबर त्यांची सांगड घातली, ती उगाच नव्हे.

मंडळाने यंदा एवढेच करावे, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक वाडीच्या प्रतिनिधीने आपल्या जुन्या विहिरींची यादी करावी : कोणती वापरात, कोणती गाळाने भरलेली, कोणती वादात पडलेली. पुढच्या मे महिन्यात बरीच कुटुंबे गावी जातील, त्या वेळी प्रत्येक वाडीने एक तरी विहीर सुरक्षितपणे, जाणकाराच्या देखरेखीखाली साफ करवून घ्यावी. वादातल्या विहिरींसाठी भाऊबंदांना एकत्र बसविण्याचे काम मंडळातील वडीलधाऱ्यांनी पत्करावे. आणि जेथे नवी विहीर खणलीच पाहिजे, तेथे ती विचाराने, उन्हाळ्यात आणि सर्वांच्या संमतीने खणावी.